गाडी थंड असताना

पिकअप रात्रभर उभी राहून थंड झाली आणि सकाळी सुरू केली, की एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या भेगेतून कुंदा थोडी थोडी बाहेर जायची. इंजिन तापलं की जाणं थांबायचं.

हेमांगी चोगलेला हे कळलं ते सीटमुळे. नणंद शेजारी येऊन बसली की बेल्ट लावा म्हणून गाडी पिंपिं करायची. एका सकाळी कुंदा चढली, दार ओढून घेतलं, मांडीवर डबा घेतला, आणि गाडी गप्प राहिली. गाडीच्या लेखी ती जागा रिकामी होती. हेमांगीने नणंदेकडे नीट बघितलं. जाड वेणी, मोठी कुंकवाची टिकली, सगळं जागच्या जागी होतं. तिच्याखाली सीट मात्र दबली नव्हती.

"वजन गेलं वाटतं," कुंदा म्हणाली. "बरं झालं गो वैनी. सासरी सगळे हेच सांगायचे, जरा कमी हो."

हेमांगीने खाली उतरून बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कुशीला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जाड पंजा असतो; तोच मॅनिफोल्ड. चारही नळ्यांमधला धूर गोळा करून तो सायलेन्सरकडे पाठवतो. त्याच्या एका बोटाच्या मुळाशी केसाएवढी भेग होती. तिथून टिक टिक टिक असा कोरडा आवाज येत होता आणि भेगेभोवती पंख्याच्या आकाराची काजळी धरली होती. हेमांगीने बोटावर थोडी काजळी घेऊन वास घेतला. काजळीला कुंदाच्या माक्याच्या तेलाचा वास होता. पाचेक मिनिटांत इंजिन तापलं, बीड फुगलं, भेग मिटली आणि आवाज बंद झाला.

दोघींचा धंदा बर्फाचा होता. आतल्या गावच्या कारखान्यातून लाद्या उचलायच्या आणि बोटी लागायच्या आत बंदरावर पोचवायच्या. गाडी उभी ठेवणं परवडणारं नव्हतं. हेमांगीने एक दिवस कुंदाला घरी ठेवून पाहिलं. फरक पडला नाही. ती परत आली तेव्हा कुंदा दारात उन्हात उभी होती आणि तिच्यामागे नुसतं अंगण होतं. सावली गेली होती.

हेमांगीचा नवरा बोटीवर होता. त्याने फोनवरून सांगितलं की बंदरावरच्या गॅरेजात वेल्डिंग मारून घे आणि विषय संपव. हेमांगीला ते पटलं नाही. बिडाला मारलेलं वेल्डिंग टिकत नाही, आणि बाहेरच्या माणसाचा हात लागला की कंपनी वॉरंटी काढून घेते. वॉरंटी महिनाअखेरपर्यंत होती. शिवाय तिचं म्हणणं साधं होतं. ज्यांनी गाडी विकली त्यांनीच कुंदाचं जाणं थांबवायला हवं होतं.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर घाट चढून महामार्गावर होतं. तिथे पोचेपर्यंत इंजिन चांगलंच तापलेलं असे. श्रेयस गांगण नावाचा टाय लावलेला, नम्र तरुण तिथे सल्लागार होता. त्याने गाडी आत पाठवली, दोघींना काचेच्या हॉलमध्ये बसवलं आणि चहा मागवला. हॉलमध्ये सोफे होते आणि सोफ्यांवर आधीपासून थांबलेली माणसं. त्यातली काही इतके दिवस थांबली होती की पाठीला टेकून सपाट झाली होती; झाडणारी बाई सोफ्यांबरोबर त्यांच्यावरूनही फडका फिरवत होती.

"बसा ताई," त्यातला एक म्हणाला. "चहा बरा असतो इथला."

गांगण परत आला आणि म्हणाला, आवाज येत नाही मॅडम. तो हे म्हणाला तेव्हा त्याचं काउंटर हातभर मागे सरकलं. हॉल तेवढा लांब झाला. काचेपलीकडचं वर्कशॉप तेवढंच आक्रसलं, त्यामुळे दोन गाड्यांचे आरसे एकमेकांना टेकले. कोणी मान वर करून बघितलं नाही. हेमांगीने त्याला सांगितलं की आवाज थंड गाडीत येतो, तापल्यावर येणार नाही. गांगण म्हणाला, कंपनीच्या पद्धतीत तपासणी चालू इंजिनावर होते, आणि काम झाल्याबद्दल मॅडमनी समाधानाची सही करावी.

"मी समाधानी नाही," हेमांगी म्हणाली.

"सगळे करतात मॅडम."

तिने केली नाही. बाहेर येऊन बॉनेट उघडलं तर इंजिन आरशासारखं चकचकीत होतं. इथली रीतच अशी, की तपासणीच्या आधी प्रत्येक इंजिन फुकट धुऊन द्यायचं. काजळीचा पंखा धुऊन गेला होता. कुंदा वॉशिंगच्या गटाराच्या जाळीशी वाकून उभी होती. काळं पाणी गोल फिरत आत जात होतं.

"त्या पाण्यात माझं किती गेलं असेल?" तिने धुणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, शाम्पू कंपनीचाच असतो, काळजी करू नका.

पुढच्या खेपेला हेमांगीने गाडी रात्रभर त्यांच्याकडेच ठेवली. थंड गाडी सकाळी तिच्यासमोर सुरू करायची, असं गांगणकडून दोनदा कबूल करून घेतलं. सकाळी दोघी एसटीने निघाल्या. फाट्यावर उतरून चालू लागल्या आणि कुंदाच्या पोपटी लुगड्याचा रंग काठापासून वर उतरत गेला. पदरापर्यंत पोचला आणि संपला. लुगडं पाण्याच्या रंगाचं झालं. मग तिच्या चपलांचा आवाज बंद झाला. हेमांगीने चालण्याचा वेग वाढवला, पण उपयोग नव्हता. सेंटरचं फाटक उघडलं की रात्री आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या सुरू करून ठेवायच्या, बॅटऱ्या चांगल्या राहतात, अशी तिथली पद्धत होती. दोघी पोचल्या तेव्हा पिकअप तापून, धुऊन तयार होती.

हॉल आता इतका लांब झाला होता की काउंटरपर्यंत जाताना तिला धाप लागली. कुंदा तोवर समोरून बघितलं तर दिसायची नाही. बाजूने बघितलं तर दिसायची. गांगण नेहमी सरळ समोर बघून बोलत असे. हेमांगीने त्याला नणंदेचं सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"प्रवासी वॉरंटीत येत नाहीत, मॅडम."

"मी प्रवासी मागत नाही. पार्ट मागते."

"पार्टला आवाज असेल तर देऊ ना आम्ही."

"मग थंड असताना ऐका."

"गाडी थंड ठेवायची आमच्याकडे सोय नाही," गांगण म्हणाला, आणि काउंटरसकट मागे गेला.

वर्कशॉप खरंच तसं होतं. तिथे काहीच थंड होत नसे. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या पत्र्यावरही हात ठेववत नव्हता. परतीच्या वाटेवर कुंदाच दोघींचं बोलत होती. ती म्हणाली, सासरहून ट्रंक घेऊन परत आले तेव्हा वाटलं होतं की आता पुरी राहीन. घाट उतरताना हेमांगीने तिला विचारलं, उरलंय किती. कुंदाने हाताची बोटं उजेडात धरली. बोटांतून समोरचा दगडी कठडा दिसत होता.

"एका सकाळपुरती," ती म्हणाली.

त्यानंतर हेमांगीने गाडी बंदच केली नाही. रात्रीही इंजिन चालू ठेवून ती अंगणात गाडीशेजारी बाज टाकून पडली. डिझेल संपत आलं तेव्हा तिने चालत्या गाडीने कारखान्यावर जाऊन हौद्यात मावतील तेवढ्या लाद्या भरल्या, वर भुसा पसरला, गोणपाटं टाकली. बंदराकडे वळायच्या ठिकाणी ती वळली नाही. बोटींवरून फोन येत राहिले. तिने ते कुंदाकडे दिले आणि कुंदाने सगळ्यांना एकच सांगितलं, आज मासळी भाजून खा.

सर्व्हिस सेंटरच्या वर्कशॉपवर 'ग्राहकांना आत प्रवेश नाही' असा फलक होता. हेमांगीने गाडी त्याच्याखालून सरळ आत नेली, मधोमध उभी केली आणि चावी फिरवून बंद केली. पाइप घेऊन धुणारे आले. ती म्हणाली, या गाडीला पाणी लावायचं नाही. ते थांबले, कारण असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

मग दोघी कामाला लागल्या. तापलेल्या बिडावर बर्फ ठेवला तर ते तडकेल आणि दोष मालकाच्या माथी येईल, हे हेमांगीला माहीत होतं. म्हणून तिने बर्फ गाडीला लावला नाही. आकड्याने लादी ओढायची आणि गाडीपासून दोन हातांवर उभी करायची, तिच्यावर दुसरी. कुंदाचं वजन गेलं होतं, जोर होता. भिंत गुडघ्याएवढी झाली, मग खांद्याएवढी. वर्कशॉपची उष्णता लाद्यांना लागली नाही. ती फक्त इंजिनांसाठी होती. दुपारपर्यंत पिकअपभोवती बर्फाची खोली तयार झाली. माणूस आडवा होऊन शिरेल एवढीच फट दोघींनी ठेवली.

गांगण आला. तो बाहेरून बोलू लागला. ग्राहकांनी हॉलमध्ये बसावं, तो म्हणाला, आणि पलीकडे हॉल लांबला. आवाजाची नोंद आमच्याकडे नाही, तो म्हणाला, आणि वर्कशॉपची भिंत पुढे आली. त्याने वॉरंटीच्या अटी सांगायला घेतल्या. एकेका अटीनिशी मागची भिंत त्याच्या पाठीकडे सरकत होती. लिफ्टवरच्या गाड्या आडव्या होऊन कोपऱ्यांत गेल्या. धुणारे शटरखालून बाहेर निसटले आणि शटर जमिनीला टेकलं. शेवटी गांगणच्या पाठीशी भिंत होती आणि छातीशी बर्फ. त्याचा टाय लादीला चिकटला.

"आत या," हेमांगी म्हणाली. "इथे जागा आहे."

तो आडवा होऊन फटीतून आत आला. आत निळसर उजेड होता आणि तिघांच्या तोंडची वाफ दिसत होती. खरं तर दोघांच्याच. कुंदाच्या तोंडून वाफ येत नव्हती.

हेमांगीने बॉनेट उघडून मॅनिफोल्डवर तळहात ठेवला. बीड नदीतल्या दगडासारखं गार होतं, आणि भेग उघडी होती. सायलेन्सर, बोल्ट, गॅस्केट, सगळं आक्रसून शांत झालं होतं. आता फक्त चावी फिरवायची होती. ती केबिनमध्ये चढली आणि चावीला हात लावून थांबली. तिच्याने ती फिरववेना.

कुंदा शेजारी येऊन बसली. सीट दबली नाही.

"काय गो, झोपलीस?"

"नको कुंदा. वेल्डिंग मारून घेऊ."

"म्हणजे त्याने लिहावं, आवाज नाही. आणि मी रोज एकेक चिमूट गटारात जावं." कुंदाने काचेतून गांगणकडे बघितलं. तो टायचं टोक कुरवाळत उभा होता. "तुला माझी शपथ, फिरव. आज थोडी थोडी नाही जायची मी. अख्खी जाते. बघू दे त्याला."

हेमांगीने खिडकीतून गांगणला हाक मारली. भेगेवर हात ठेवा, ती म्हणाली, ऐकू आलं नाही तरी हाताला लागेल. गांगण म्हणाला, अशी पद्धत नाही मॅडम. तेवढ्याने बर्फाची भिंत बोटभर आत आली आणि त्याची कोपरं अंगाला लागली. त्याने उजव्या हाताची बाही दुमडली आणि तळवा भेगेवर टेकवला.

हेमांगीने चावी फिरवली.

टिक, असा आवाज झाला. मग टिक टिक टिक. बर्फाच्या खोलीत तो फार मोठा वाटला. शेजारची सीट रिकामी होती. हेमांगीने बाजूने बघितलं, तरी रिकामीच. ती उतरून बॉनेटकडे गेली. केसाएवढ्या भेगेतून काजळीचा एक हात कोपरापर्यंत बाहेर आला होता. आकडा धरून धरून वाकडी झालेली करंगळी तिने ओळखली. त्या हाताने गांगणचं मनगट धरलं होतं.

गांगण ओरडला नाही. त्याने हात ओढून बघितला, मग पायाने बंपरला रेटा देऊन बघितला.

"बंद करा मॅडम."

"आवाज येतोय?"

"येतोय."

"मग लिहा."

"उजव्या हाताने लिहितो मी," गांगण म्हणाला.

हेमांगीने कोपरापाशी कुंदाचा हात दोन्ही हातांनी धरला. तो गार होता. त्याच्याखालचं बीड कोमट झालं होतं, आणि भेग मिटू लागली होती.