डब्यावरची संत्री

सुनेनं पिशवीतून डबा काढला आणि मोठ्या तोऱ्यात दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर ठेवला. पलीकडच्या खोलीत सासूबाईंच्या हाताची पट्टी सोडणं चाललं होतं. लाँड्रीत काम करताना वाफेनं भाजलेला हात. आधी जखम भरायचं नाव घेईना, आणि आता बघता बघता भरत आली होती. हे कुणामुळे, ते बाईंनाही कळायला नको?

डबा कोलॅजनच्या पावडरीचा होता. सून ज्या पार्लरमध्ये काम करायची, तिथल्या मालकिणीनं गळ्यात मारलेला. कोलॅजन पोटात गेलं की थेट कातडीत जाऊन बसतं, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. रोज सकाळी ग्लासभर पाण्यात ती पावडर ढवळायची, ग्लास सासूबाईंच्या हातात द्यायचा आणि कामावर पळायचं, हा सुनेचा नेम झाला होता.

बाईंनी डबा फिरवून वाचला. असं थेट काही जात नाही, त्या म्हणाल्या. कुठल्याही प्रथिनासारखं हेही पोटात पचतं, त्याचे तुकडे होतात. शरीर आपलं कोलॅजन आपणच बनवतं. त्यासाठी डाळी, हरभरे, दूध, दही पोटभर हवं आणि पेरू-लिंबातलं क जीवनसत्त्व हवं. सुनेचा तोरा निम्मा तिथेच उतरला.

"घरी मासे-मटण चालतं ना?" बाईंनी सहज विचारलं.

"आई नाही खात. कधीच नाही. का हो?"

"मग हे कसं चाललं? कोलॅजन प्राण्यांपासूनच काढतात. हे माशांच्या कातडीचं आहे."

"पण डब्यावर तर संत्री आहेत."

"ती चवीपुरती."

सुनेच्या पायाखालची जमीनच सरकली. लहानपणी टोपलीत तडफडणारा मासा बघून सासूबाईंनी जे तोंड फिरवलं होतं, ते कायमचं. इतक्या दुखण्यातही कुणी आणून दिलेलं सूप त्यांनी झाकणसुद्धा न उघडता परत पाठवलं होतं. आणि आपण संत्र्यांच्या भरवशावर त्यांना रोज मासा पाजला!

घरी येताना सासूबाई भलत्याच खुशीत होत्या. मोकळा हात उन्हात धरून पुन्हा पुन्हा बघत होत्या. वाटेत कचरापेटी आली तेव्हा सुनेची पावलं रेंगाळली. डबा टाकला की विषय संपला, कुणाला कळणार होतं? तिनं पिशवी काखेत घट्ट दाबली आणि चालत राहिली.

सासरे जेवणासाठी खोळंबले होते. सुनेनं चपलाही काढल्या नाहीत. डबा त्या दोघांसमोर ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आता सांगून टाका तिला," सासूबाई म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी ग्लास नाकाशी नेला आणि त्यांना वासानंच ढवळून आलं होतं. तेव्हापासून तो ग्लास रोज सासऱ्यांच्या पोटात जात होता. त्यांना सगळंच चालायचं. पोर धावपळीत एवढं करते, तिचं मन कशाला मोडा, असं दोघांनी संगनमतानं ठरवलं होतं.

"म्हणजे तुम्ही एक घोटसुद्धा..."

"ओठालाही लावला नाही."

सून मटकन खाली बसली. छातीवरचा धोंडा असा अचानक उतरला की तिला हुंदकाच फुटला, आणि हुंदक्यातच हसूही.

"मग जखम कशानं भरली, आई?"

"ताटातले हरभरे संपल्याशिवाय उठू देत होतीस का मला?"

सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एवढी पावडर पिऊनही आपले गुडघे मात्र होते तसेच कुरकुरतात, अशी तक्रार नोंदवली.

"डबा वाटेत टाकला असतास तर आम्ही विचारलंही नसतं," सासूबाई म्हणाल्या.

"मनात आलं होतं."

"माहितीय. कचरापेटीपाशी थांबली होतीस." त्यांनी बऱ्या झालेल्या हातानं सुनेला उठवलं. "चपला काढ आता, आणि वाढ."