अँटी कोणत्या बाजूले?

माह्या पोराले टेबल टेनिसमधलं सगळं कळते. हे मी नाही म्हणत, तोच म्हणते. दाढी करताना म्हणते, जेवताना म्हणते, अन् घरात पाव्हणा आला की चहा यायच्या आधी म्हणते. मनोहर नाव त्याचं. कचेरीत कारकून, अन् आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी. मंडळ म्हणजे काय, तर वाचनालयामागची एक खोली, तिच्यात एक हिरवं टेबल, भिंतीले लावलेल्या चार खुर्च्या अन् जुन्या पुस्तकांचं एक कपाट. पण सेक्रेटरीचा रुबाब असा, की कलेक्टरनं उठून जागा द्यावी.

शोभा त्याची बायको. लग्नाआधी कॉलेजात खेळत होती. मंग आमच्या मंडळात खेळायले लागली, अन् वस्तीतल्या एकाही बाईचं तिच्यापुढं काही चालेना. त्या साली अकोल्याले विदर्भातल्या बायकांची स्पर्धा ठरली, अन् मंडळातून एक नाव पाठवायचं होतं. ते कोणाचं पाठवायचं, हे शेंबड्या पोरालेही कळलं असतं. सेक्रेटरीले नाही कळलं.

"शोभा डिफेन्सिव्ह खेळते, माय," जेवताना तो मले समजावून सांगून राहिला होता. "समोरचा मारते, अन् ही नुसती परत करते. असं परत करून करून कोणी जिंकते का? मंडळाची इज्जत जाईन."

शोभा भात वाढत होती. तिनं वर पाह्यलं नाही, पण भाताचा चमचा त्याच्या ताटात जरा जोरातच आपटला.

"तुमच्याकडून एक गेम घेतला, तर पाठवाल?"

मनोहर हसला. उभ्या वस्तीत त्याच्यासारखा मारणारा नव्हता. "एक गेम? घे ना! घेतला तर मी सोता तुह्यं नाव लिहितो."

"आत्याबाई, ऐकलं ना तुम्ही?"

ऐकलं म्हणजे? मी तर घास हातात धरून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी डाळ निवडत बसलो होतो, तर शोभा आपणहून बोलली. कॉलेजात एकदा तिचं नाव बाहेरगावच्या स्पर्धेले निघालं होतं, अन् त्याच महिन्यात आमचं स्थळ आलं. "आता नाही गेली, आत्याबाई, तर मंग नाहीच." एवढंच बोलली अन् पुन्हा खडे वेचायले लागली. मले लय वाईट वाटलं. ते स्थळ घेऊन मीच तर गेली होती.

आता बॅटचं सांगते, कारण सगळी गंमत तिथंच हाये. बॅट म्हणजे लाकडाची फळी, अन् तिच्या दोन्ही बाजूंले चिकटवलेलं रबर. शोभाले मिळे ती मनोहरची जुनी झालेली बॅट. फळी अशी कडक, की चेंडू लागला का सुटला. मारणाऱ्याले ते बरं. पण परत करणाऱ्याचा चेंडू फळीवर जरासा तरी थांबायले पाहिजे ना! शोभानं अलगद बॅट लावली तरी तिचा चेंडू टेबल ओलांडून थेट पुस्तकांच्या कपाटावर जाय.

तिनं नवऱ्यालेच विचारलं, "अहो, मी कोणती फळी घेऊ? अन् रबर कोणतं लावू?"

झालं! शिकवायचं म्हटलं की ह्या माणसाले तहानभूक राहत नाही. आपण कोणाले शिकवून राहिलो, ती आपल्याचसंगे खेळणार हाये, हे तो साफ विसरला. रविवारी तिले घेऊन सदरच्या बाजारात निघाला. मले चप्पल घ्यायची होती, म्हणून मीही संगे गेली.

ओमप्रकाशच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मनोहरनं सगळ्या फळ्या काढायले लावल्या. एकेकीवर बोटानं टकटक करे, कानाशी नेई अन् डोळे मिटे. मडकं घेऊन राहिला का फळी, काही समजत नव्हतं. शेवटी एक नरम लाकडाची निवडली. "ही हळू चालते. तुह्यासारखीले बरी," म्हणे. दोन्ही बाजूंले दाण्यादाण्याचं रबर घेतलं, घरी आणून लावलं. आता चेंडू कपाटावर जायचा बंद झाला, पण मनोहरले त्याचा काही त्रास होईना. सगळे चेंडू एकसारखेच येत, अन् तो एकसारखेच मारे. शोभा हरून हरून घरी ये अन् कणकेवर राग काढे. पोळ्या मात्र त्या दिवसांत मऊ झाल्या.

पुन्हा सदर. ह्या खेपेले ओमप्रकाशनं आतून एक रबर काढलं. कोणीतरी परदेशातून आणलेलं, लाल, गुळगुळीत.

"भाभीजी, इसको अँटी बोलते हैं," तो म्हणाला.

"आंटी?" मी म्हटलं. "कोणाची आंटी?"

मनोहर अन् ओमप्रकाश खो खो हसले. मंग मनोहर मले समजावत बसला. साधं रबर चेंडूले पकडते, म्हणून चेंडूले फिरकी देता येते. हे अँटी पकडतच नाही. "समोरच्यानं कितीही फिरकी मारू दे, माय, याच्यापुढं तिचं काही चालत नाही. त्याची फिरकी त्यालेच परत!" हे त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं. मी साक्षीदार हाये.

मंग त्यानंच ठरवलं. एका बाजूले चेंडू पकडणारं रबर, दुसऱ्या बाजूले अँटी. "डाव्या अंगाले तू कच्ची हायेस, तिकडं अँटी ठेव." दोन्ही रबरं एकाच लाल रंगाची. आता म्हणे एक बाजू लाल अन् एक काळी पाहिजे असा नियम आला, तेव्हा तसं काही नव्हतं. घरी आल्यावर त्यानंच सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून रबर चिकटवलं, माह्या शिवणाच्या कातरीनं कडा कापल्या, अन् बॅट माह्या पाट्याखाली दाबून ठेवली. त्या दिवशी चटणी नाही झाली.

पण एक गोष्ट शोभाले कोणी शिकवली नव्हती. सकाळी ती चुलीसमोर दुधाकडे पाहत उभी होती, अन् तिच्या पदराआड काहीतरी गरगर फिरत होतं.

"काय करून राहिली वं?"

"काही नाही, आत्याबाई. दूध पाहून राहिली."

दूध उतू गेलं, तरी बॅट बोटांमध्ये फिरतच होती. ही बाजू पुढं, ती बाजू पुढं, पुन्हा ही. मले उमजलं. पोरगा माह्या पोटचा, खोटं काहून बोलू, पण मी तोंड उघडलं नाही. दूध मीच पुसलं.

सामना रविवारी झाला. खोलीत पाय ठेवायले जागा नव्हती. वाचनालय सांभाळणारे देवाजी गुण मोजायले बसले. ठरलं होतं तीन गेम, अन् शोभानं त्यातला एक घ्यायचा.

पह्यल्या गेममध्ये तिनं बॅट फिरवलीच नाही. उजवीकडं साधं रबर, डावीकडं अँटी, नवऱ्यानं सांगितलं तसं. मनोहरनं तिले धू धू धुतलं, अन् माह्याकडं पाहून भिवया उडवल्या. म्हटलं, ही भ्याली का काय!

दुसरा गेम सुरू झाला, अन् टेबलाखाली शोभाची बोटं चालायले लागली. आता कोणत्या बाजूनं चेंडू येऊन राहिला, हे मनोहरले कसं कळावं? दोन्ही लालच! अँटी समजून त्यानं हलकाच उचलला, तर चेंडू नेटमध्ये. फिरकी समजून जोरात उचलला, तर चेंडू भिंतीवर.

"देवाजी, बॉल फुटला हाये, पाहा बरं!"

देवाजींनी चेंडू कानाशी हलवला, दिव्याकडं धरला. "ठणठणीत हाये."

"मंग टेबल ओलं हाये."

देवाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं टेबल पुसलं. लोक हसायले लागले, तसा मनोहरचा पारा चढला. अन् चिडला की तो फिरकी जास्त मारते. जेवढी जास्त मारे, तेवढी त्याची त्यालेच परत येई. शोभा मागं मागं सरत कपाटाले टेकली होती. केस कपाळाले चिकटलेले, पदर कमरेले खोचलेला. पण चेंडू परत करतच होती. तो मारते अन् ही परत करते, तो मारते अन् ही परत करते. तेव्हा गेम एकवीस गुणांचा होता. शोभा वीस, मनोहर एकोणीस, अन् तिथं त्याचा धीर सुटला. जल्मात कधी हळू न खेळणाऱ्या माणसानं चेंडू हळूच ढकलला, अन् तो त्याच्याच बाजूले नेटच्या पायाशी मरून पडला.

"गेम!" देवाजी ओरडले.

मी टाळ्या वाजवल्या. पोरगा हरला अन् माय टाळ्या वाजवून राहिली, असं दोघीचौघी म्हणाल्या असतील. म्हणू द्या.

मनोहरचे कान लाल झाले होते. त्यानं रुमालानं तोंड पुसलं अन् म्हणाला, "गेम घेतला, कबूल. पण अकोल्यावाल्यांचा नियम हाये. बाहेरगावच्या खेळणाऱ्या बाईसंगे बाईच मॅनेजर पाहिजे. आता ह्या वस्तीतली कोण बाई घरदार सोडून आठ दिवस जाते? तुम्हीच सांगा."

शोभानं बॅट टेबलावर ठेवून दिली. तिचा तो चेहरा पाह्यला, अन् माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काहून? मी मेली का?"

"तू?" मनोहर म्हणाला. "माय, तुले काय कळते टेबल टेनिसमधलं?"

मी उठली. टेबलावरची बॅट उचलली अन् त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"मले नाही कळत. तुले तर सगळं कळते ना? रबर तू आणलं, तूच चिकटवलं. मंग सांग, अँटी कोणत्या बाजूले? हात लावायचा नाही."

त्यानं पाह्यलं. वाकून पाह्यलं. मी बॅट उलटी केली, तशी मान तिरपी करून पाह्यलं. खोलीतल्या सगळ्या माना त्याच्यासंगे तिरप्या झाल्या. शेवटी त्यानं बोट दाखवलं.

"ही."

शोभानं तोंडावर पदर घेतला, पण हसू काही थांबलं नाही. "अहो, ती दुसरी!"

खोलीत नुसता हशा फुटला. अन् खरं सांगते, मंग मनोहरही हसला. आधी ओशाळून, मंग पोट धरून. देवाजींजवळून कागद घेतला अन् शोभाचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, मॅनेजर, अन् माह्याकडं पाह्यलं.

"पूर्ण नाव सांग, माय."

नागपूरच्या बाहेर मी आजवर गेली, ती कोणाच्या लग्नाले, नाहीतर कोणाच्या मातीले. तिथं माह्यं नाव कोणी विचारलं नाही. मन्याची माय म्हटलं की झालं.

"वच्छला," मी म्हटलं, अन् पुढचं सांगता सांगता मले रडू आलं.