थंड नळाचं गरम पाणी

सकाळीच बद्रीनाथभाऊंच्या दारात हडको वसाहतीतली आमची सगळी गल्ली लोटली होती. त्यांच्या न्हाणीघरातल्या थंड पाण्याच्या नळाला हात पोळेल असं गरम पाणी येत होतं. त्याआधी नळ धापा टाकायचा. शेवटच्या दुखण्यात आवडाबाई, म्हणजे भाऊंची बायको, अगदी तशाच धापा टाकायच्या. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि भुतांना भीक घालत नाही. पण त्या आवाजानं माझ्याही अंगावर काटा आला.

आवडाबाई गेल्या त्या सकाळी महापालिकेचं पाणी यायची पाळी होती. नळ आला की आमच्याकडे माणूस हातातला घासही टाकून धावतो. सून सोनिया धावली आणि पाणी भरून परतली तोवर सासूबाई गेल्या होत्या. तेव्हापासून हा चमत्कार नेमका पाळीच्या सकाळीच व्हायचा.

पाटावर कडुबा महाराज बसले होते. समोर लिंबांचा ढीग, डोळे मिटलेले, कान मात्र उघडे. गल्लीत जे ऐकायचं तेच अंगात आणून सांगायचं, ही त्यांची विद्या.

"म्हातारी तहानलेली गेली," ते घुमत म्हणाले. "सुनंला पैठणला माहेरी धाडा, सावट तिच्या मागं जाईल. लेकरू मात्र हितंच ठिवा."

भाऊ मान खाली घालून बसले होते. मुलगा सोमनाथ लिंबांकडे बघत होता. सोनियानं लेकराला घट्ट धरलं होतं.

"सुरेखाकाकू," ती मला हळूच म्हणाली, "मी खरंच पाणी पाजलं नव्हतं. त्या मलाच बोलवतेत."

मला भयंकर राग आला. आवडाबाईंना महापालिकेचं वेळापत्रक पाठ कसं, हा प्रश्न मात्र त्या रागातूनच सुचला. पाळीच्या सकाळी घरात वेगळं काय असतं? टाकी रिकामी असते.

सोमनाथला घेऊन मी गच्चीवर गेले. टाकीत खडखडाट. शेजारी सोलरचा बंब, भरलेला. टाकीतून बंबाकडे जाणाऱ्या पाइपचा कॉक मी बंद केला. खाली न्हाणीघरातून ओरड आली, "थांबलं!" उघडला, पुन्हा गरम. असं हवं तितक्या वेळा करता येत होतं.

सगळ्यांना वर बोलावून समजावलं. टाकीच्या एकाच पाइपमधून एक फाटा थंड नळाला जातो, दुसरा बंबाला. बंबाच्या फाट्यात एक व्हॉल्व्ह असतो. तो पाणी बंबात जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा थर बसून त्याची झडप उघडीच अडकली होती. टाकी संपली की बंबातलं गरम पाणी उलटं फिरून नळाला यायचं आणि पाइपमधली हवा धापा टाकायची.

बंब रिकामा करून सोमनाथनं व्हॉल्व्ह काढला. महाराजांचीच लिंबं पिळून त्या रसात बुडवला. पांढरा थर फसफसून सुटला आणि झडप टक् करून खाली पडली. महाराज तोवर जिना उतरले होते.

"आईला दमा होता," सोमनाथ म्हणाला. "घोटभर पाण्यानं ती थोडीच वाचली असती?" हे त्यानं आधीच बोलायला हवं होतं.

मृतांची आठवण जरूर ठेवावी. पण त्यांच्या नावानं कुणी जित्या माणसाला घराबाहेर काढू लागला, तर आधी गच्चीवर जाऊन पाइप बघावा.

तेवढ्यात नळ आला. गल्ली धावली. सोनिया जागची हलली नाही. भाऊंनी स्वतः हंडा भरला, तांब्या बुडवून तिच्या हाती दिला आणि तिच्यासमोर ओंजळ धरली.

"पाज बाई," ते म्हणाले. "लई तहान लागली."