चढत्या देवाची पाद्यपूजा

"चढला वं माय, चढला!"

ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवात दोनशे माणसे एका सुरात ओरडली, आणि चौरंगावर बसलेले ऊर्ध्वानंद महाराज किंचित हसले. त्यांच्यापुढे दोन सागवानी दांड्या होत्या. त्यांची खालची टोके भक्तांकडे होती, तर तीन बोटे उंच असलेली वरची टोके महाराजांच्या पायांशी, पिवळ्या वस्त्रात शिरली होती. त्या दांड्यांवर चढता देव विराजमान होता: मधोमध कोहळ्यासारखा फुगीर, दोन्ही बाजूंना टोकदार, अंगभर शेंदूर. कोणी ढकलत नव्हते, कोणी ओढत नव्हते. आणि देव खालून वर, अगदी सावकाश, घरंगळत गेला होता.

"गुरुत्वाकर्षण तुम्हां पामरांसाठी, बालकांनो!" महाराज गरजले. "आमच्या देवावर पृथ्वीची हुकूमत चालत नाही! चढला तर होकार, उतरला तर नकार. विचारा!"

मोर्शी तालुक्यातल्या त्या गावाला शनिवारी सकाळी दहा वाजताच झिंग चढली होती. यंदा संत्र्याचा बहार टिकेल का? देव चढला, टाळ्या. जावई पुढच्या महिन्यात राहायला येणार का? देव उतरला; सासऱ्याने आनंदाने नारळ फोडला.

या गर्दीत माणिकबाई आपल्या थोरल्या बहिणीचा हात धरून उभ्या होत्या. मोर्शीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, त्या बावीस वर्षे परिचर होत्या. शिक्षण सातवीपर्यंत, मात्र बारावीचे तास त्यांनी दाराआडून बावीस वेळा ऐकले होते. बहीण जमुनाबाई यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलेला. सोमवारी अमरावतीला शस्त्रक्रियेची तारीख होती, आणि जमुनाबाई अडून बसल्या होत्या: आधी देवाले इचारू.

"देवा, सोमवारी डोया कापू का?" त्यांनी हात जोडले.

संघपाल गवंडी सगळ्यांत पुढे होता. त्याने देव उचलून खालच्या टोकाशी ठेवला. देव तिथून हलेचना. महाराजांनी सांगितल्यावरून त्याने तो वरच्या टोकाशी ठेवला, तर देव सरसर खाली आला. मांडव हळहळला.

"नकार! शस्त्र लावाल तर दृष्टी जाईल. अकरा दिवस डोळ्यात रुईचा चीक घाला."

रुईच्या चिकाने चांगला डोळाही जायबंदी होतो. जमुनाबाईंनी मात्र चिकाची बाटली भक्तिभावाने पदरात बांधली. "चाल वं माणके. झालं."

माणिकबाई जागच्या हलल्या नाहीत. दरवर्षी जुलैत भौतिकशास्त्राचे हेमचंद्र सर वर्गात अशाच दोन दांड्या मांडत, त्यांवर लाकडी दुहेरी शंकू ठेवत आणि म्हणत, "माणिकबाई, फाकवा." त्या वरची टोके फाकवत, शंकू चढे. "मिटवा." त्या मिटवत, शंकू उतरे. त्यामुळे सर्वांचे डोळे देवावर असताना माणिकबाईंचे डोळे, केवळ नोकरीच्या सवयीने, दांड्यांवर होते. जमुनाबाईंच्या प्रश्नाला दांड्यांची वरची टोके चार बोटे जवळ आली होती, आणि त्याच वेळी पिवळ्या वस्त्राखाली महाराजांचा उजवा अंगठा हलला होता.

"थांब जराशी, ताई," त्या म्हणाल्या. "हे तं माह्या ड्युटीचं काम हाय."

त्यांनी ग्रामपंचायतीतून परात आणि पाणी आणले. "महाराज, पाद्यपूजा करू द्या."

दोनशे भक्तांसमोर पाद्यपूजा नाकारणारा महाराज अजून जन्मायचा आहे. एक पाय परातीत आला.

"दोन्ही, महाराज. एका पायाची कुठं पूजा असते का?"

दुसरा पाय बऱ्याच विलंबाने आला. माणिकबाईंनी दोन्ही घोटे पक्के धरले. "संघपालभाऊ, देव खालून लावा. हं. माह्या बहिणीनं सोमवारी ऑपरेशन करावं का?"

देव चढला.

"आत्ताच तं नाई म्हणला होता!" कोणीतरी ओरडले.

"इचार बदलला असन बाप्पा," दुसऱ्याने समजूत घातली.

"बरं. रुईचा चीक महाराजांच्या डोयात टाकावा का?"

देव चढला. मांडवात हास्याचा पहिला फवारा उडाला. महाराज पाय सोडवू लागले, परातीतले पाणी उसळले, घोटे सुटेनात.

"आता शेवटचं. महाराज अंगठ्यानं देव नाचवतेत का?"

देव, कसलीही घाई न करता, चढला.

मग मांडव आवरेना. बाया एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या. संघपालने वस्त्र उचलले. खाली दांड्यांना फाकवून धरणारी स्प्रिंग होती, त्यांना जवळ ओढणारी सुतळी होती, आणि सुतळीला नेमकी अंगठ्याच्या मापाची कडी होती.

"अंगठा असेल!" महाराज किंचाळले. "पण अंगठा काढल्यावर तरी चढतो ना? हा चमत्कार नव्हे?"

प्रश्न रास्त होता. इतका रास्त, की त्याला उत्तरही होते. माणिकबाईंनी समोरच्या दुकानातून प्लास्टिकची दोन नरसाळी आणली, तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडली आणि दांड्यांवर ठेवली. डिझेल ओतायची ती नरसाळी देवाइतक्याच ऐटीत वर गेली.

"संघपालभाऊ, तुमची लेव्हलची नळी आना."

पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते, आणि ती पातळी जातधर्म पाहत नाही. खालच्या टोकाशी संघपालने पाणी नरसाळ्याच्या तोटीशी बरोबर जुळवले. मग जोडनरसाळे वर पोहोचले. तिथे त्याने नळीचे दुसरे टोक धरले, पाहिले, पुन्हा पाहिले.

"माणिकबाई, हा तं उतरून राहिला! तोटी पान्याच्या दोन बोटं खाली हाय!"

"उतरनारच. चढतेत त्या लाकडाच्या दांड्या. त्या फाकल्या का याचं जाड पोट मधात रुतते, आन् याच्या वजनाचा मधला बिंदू खाली जाते. सर त्याले वस्तुमानकेंद्र म्हनते."

पृथ्वीची हुकूमत क्षणभरही ढळली नव्हती. देव सकाळपासून इमानेइतबारे खालीच पडत होता. दोनशे माणसे त्याच्या पडण्याला चढणे म्हणत होती.

महाराजांनी ओल्या पायांनी मोटार गाठली. दुपारपर्यंत दुकानातली नरसाळी संपली आणि गावभर त्यांच्या शर्यती लागल्या. जमुनाबाई तेवढ्या बाटली मुठीत धरून बसून होत्या.

"देवाले हात जोड ताई, माही ना नाई," माणिकबाई म्हणाल्या. "पन डोयाचं डोयाच्या डॉक्टरले इचाराव. आन् कोनी काई चढवून दाखवलं, तं हात जोडायच्या आधी मोजाव."

जमुनाबाईंनी चीक परातीत ओतला.

पुढच्या रविवारी, काळा चष्मा लावून, त्या माणिकबाईंच्या ओसरीवर उकिडव्या बसल्या. समोर दोन दांड्या होत्या, जोडनरसाळे होते, आणि त्याच्या तोटीच्या उंचीवर आडवा ताणलेला एक पांढरा दोरा होता. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला आणि उजवा दोऱ्याच्या पातळीला आणला. नरसाळे वर निघाले.

"उतरते वं माणके," त्या म्हणाल्या. "मले साफ दिसून राहिलं."