मी अब्दालीचा उंट, जन्म मालाडचा

मित्रांनो, मी एक जुना उंट आहे आणि सध्या फार चिडलेलो आहे. वाळवंट मी कधी पाहिलेलं नाही. माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी, पाठीवर छोटीशी तोफ आणि तिच्यामागे एक फेटेवाला गोलंदाज. बळवंतकाकांचा मालाडला इमिटेशन दागिन्यांचा कारखाना होता. तिथे रबरी साच्यांत वितळलेला धातू ओतून झुमके निघत. तसाच एक साचा त्यांनी आपल्या मुलीसाठी, उत्तरासाठी, केला आणि झुमक्यांच्या पाठोपाठ मी निघालो. उत्तरा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, त्यामुळे तिचा हात बारीक कामात बसलेला. माझ्या झुलीवरची नक्षी तिनेच रंगवली. उंट, घोडेस्वार, बंदूकवाले अशी अहमदशहा अब्दालीची अख्खी फौज बापलेकीने उभी केली आणि बोरिवलीच्या क्लबाला खेळायला दिली.

हा क्लब दर रविवारी एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. टेबलं जोडून वर हिरवी चादर घालतात आणि जुन्या लढाया खेळतात. चिमुकल्या फौजा समोरासमोर मांडायच्या, टेपने अंतर मोजून सरकवायच्या, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. नियमांचं जाडजूड पुस्तक आहे, पंच आहे. संक्रांतीच्या सुमारास वर्षातली सर्वांत मोठी लढाई होते, आणि ती अर्थातच पानिपतची.

आता या क्लबाची रीत ऐका. जो सर्वांत उशिरा येईल, त्याने अब्दाली व्हायचं. म्हणजे शिक्षाच! असा अब्दाली मोबाइल बघत आम्हाला कसंही ढकलतो आणि जेवणाच्या आत हरून मोकळा होतो. मराठ्यांचा सेनापती मात्र कायम कृणाल. हा खुर्चीतून न उठता 'याला पुढे घे, त्याला मागे घे' सांगत असतो. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतील, हा उंटाशिवायच हाकतो. दरवर्षी जिंकतो आणि दरवर्षी भाषण देतो, "आपलंच घोडदळ आपल्या तोफांच्या तोंडासमोर गेलं, तिथेच वाट लागली यार!" मग सगळे हळहळतात. रात्री मराठे फोमच्या पेटीत जातात, आम्ही फरसाणाच्या डब्यात. माझा पाय मोडला, तो कोणीतरी वाकडाच चिकटवला. अब्दालीचाच उंट ना, राहू दे वाकडा!

शेवटी गेल्या संक्रांतीला उत्तरा सर्वांच्या आधी हॉलवर हजर झाली आणि म्हणाली, "आज मी अब्दाली."

कृणाल हसला. "अगं, तू तर वेळेवर आलीस. आणि मराठी ना तू?"

"म्हणून काय झालं? ही फौज बाबांनी ओतली, मी रंगवली. एकदा तरी तिला नीट लढू दे. हरली तर हरली."

बिचारीचं मागणं एवढंच होतं. आणि ती लढली हो! प्रत्येक चाल मोजून, विचार करून. दुपारनंतर कृणाल उतावळा झाला. त्याने घोडेस्वार सुसाट सोडले, ते थेट त्याच्याच तोफांसमोर जाऊन थांबले. ज्या चुकीवर भाषणं ठोकतो, तीच चूक! तोफा गप्प झाल्या. उत्तराने मला पुढे सरकवलं आणि फासे टाकले. आम्ही उंट चालून लगेच तोफ डागू शकतो, तसं पुस्तकात छापलेलं आहे. मराठ्यांच्या घोडेस्वारांची ओळच्या ओळ आडवी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःचा अभिमान वाटला.

"एक मिनिट," म्हणत कृणाल उठला. खुर्चीतून उठला, मित्रांनो! "उंटाला आधी खाली बसवायला लागतं. चालल्यावर फायर नाही."

"पुस्तकात आहे. सर्वेश, पान काढ ना," उत्तरा म्हणाली.

सर्वेश म्हणजे पंच. त्याने पान काढलं, वाचलं आणि मान डोलावली.

"पुस्तक राहू दे रे," कृणाल म्हणाला. "व्होटिंग घेऊ."

त्याच्या बाजूचे सगळे हात वर झाले.

"मेजॉरिटी आहे गं," सर्वेश चादरीकडे बघत म्हणाला.

नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे असतात. इथे मतं घेऊन अंगण वाकडं केलं! मेलेले घोडेस्वार उठून उभे राहिले. संध्याकाळी कृणाल जिंकला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. उत्तराने आम्हाला एकेक करून ओढणीने पुसलं, कापसात गुंडाळलं आणि घरी नेलं.

यंदाच्या संक्रांतीला ती माझा वाकडा पाय सरळ करत होती, तेवढ्यात सर्वेशचा फोन आला. हाताला गोंद होता म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"उत्तरा, सगळे आलेत. मराठे मांडून झाले. पण समोर कोणीच नाही गं. येतेस का?"

"पुस्तकाप्रमाणे खेळणार?"

मागून कृणालचा आवाज आला, "ये म्हणावं. या वेळी जिंकू देतो तिला."

उत्तराने कोपराने फोन बंद केला.

जिंकू देतो! ऐकलंत? माझ्या कथलाच्या अंगाची आग आग झाली. तिने काय विजयाची भीक मागितली होती?

मित्रांनो, आपली खेळणी जपा, पुसून जागच्या जागी ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून जास्त जपा समोर बसणाऱ्याला. तो रागावून घरी गेला, तर तुमची एवढी मोठी फौज नुसती चादरीवर मांडून ठेवावी लागते. त्याला हरवायचं असेल तर खुशाल हरवा. पण आधी त्याच्याशी खेळा.