दोन आखूड शिट्ट्या

"फार घट्ट झालीय का?" तिनं विचारलं, आणि मग तिच्या लक्षात आलं, की नवऱ्याची पाठ आपल्याकडे आहे. पाठीमागून विचारलेलं त्याला हल्ली ऐकू येत नव्हतं. तिनं डब्याच्या पुढच्या छोट्या खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा दंड धरला, त्याला वळवलं आणि ओठ ठळक हलवत पुन्हा विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. पायजम्याची पांढरी नाडी त्याच्या दंडाला बांधली होती. कोटाच्या बाहीतून निघून तिचं दुसरं टोक खिडकीतून आत तिच्या मनगटापर्यंत आलं होतं. एकदा ओढली की ब्रेक सोडायचा, दोनदा ओढली की लावायचा.

डोंगरावर जाणाऱ्या या जुन्या वाफेच्या गाडीत अजून प्रत्येक डब्याला एक ब्रेकवाला असतो. डब्याच्या पुढच्या उघड्या ओट्यावर तो उभा राहतो आणि उतारावर इंजिनाची शिट्टी ऐकून लोखंडी चाक फिरवतो. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे लाव, एक लांब म्हणजे सोड. सगळ्यांनी एकदम. एकानं उशीर केला, तर त्याचा डबा पुढच्या डब्यावर जाऊन आदळतो. लोक सहलीला येतात, दऱ्या बघतात, फोटो काढतात, आणि ओट्यावरचा माणूस त्यांच्या फोटोंत कडेला अर्धवट कापलेला येतो. तिच्या नवऱ्याचा सगळा जन्म असा अर्धवट कापून घेण्यात गेला होता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान.

कान गेले ते हळूहळू. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांच्या ओठांकडे बघत त्यानं वेळ मारून नेली होती. पुढच्या डब्यावरचा जुना दोस्त शिट्टी झाली की त्याला हात करायचा, त्यामुळे गाडीवर कुणाला पत्ता लागला नाही. तो दोस्त गेल्या शनिवारी निवृत्त झाला. नवऱ्यानं रजा मागितली, तर सहलींचे दिवस म्हणून मिळाली नाही. खरं सांगितलं, तर गाडीवरून उतरवून सामानाच्या खोलीत बसवतील. "तसं झालं, तर मी मेलोच समज," तो म्हणाला होता.

नाडीची कल्पना तिचीच. शिवणकाम करणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? लग्न झाल्यापासून तो म्हणत होता, एकदा तुला वर नेतो. कधी शाळेचे गणवेश शिवून द्यायचे असायचे, कधी लेकीचं बाळंतपण निघायचं, सहल काही घडली नाही. आज घडली ती ही अशी. शेजारणीनं आपला थर्मास दिला, मजा करून या म्हणाली. आणि ही मनगटाला नाडी गुंडाळून बसलेली. आपण चुकलो तर या सगळ्या लोकांचं काय, हे तिला गाडीत बसल्यावर पहिल्यांदा नीट दिसलं.

चढताना ब्रेकला फारसं काम नव्हतं. वर पोचल्यावर दोघं कठड्यापाशी चहा प्यायला उभी राहिली. तो तिला शिखरं दाखवत होता, ती त्याच्या दंडाकडे बघत होती. शेवटी तिनं त्याला आपल्याकडे वळवलं.

"गार्डला सांगा ना."

"निवृत्तीला सहाच महिने राहिलेत. आजची उतरण होऊ दे."

"आणि उद्या?"

"उद्या तू येशीलच की," असं म्हणून तो हसला. तिला मुळीच हसू आलं नाही.

गाडी उतरायला लागली, तशी तिनं डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की कान मोकळे होतात, असं तिला वाटत होतं. दोन आखूड, दोनदा ओढ. एक लांब, एकदा ओढ. बाहेर चाक फिरायचं, डबा कुरकुरत आवरायचा. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. बरं वाटत नाही का, मळमळतंय का, लिंबू देऊ का, अशी त्यांची चौकशी चालली होती. तिनं हं हं करत ती टोलवली. नाडी घामानं ओली झाली.

मग धुकं फाटलं. सगळा डबा एकदम उठून खिडक्यांकडे धावला. बाईंनी तिचा खांदा गदागदा हलवला. "अहो, बघा तरी! डोळे काय मिटून बसलाय?" तिनं डोळे उघडले. समोर एवढा मोठा धबधबा, काळ्या कड्यावरून खाली दरीत पडत होता. इतकं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती बघतच राहिली. माणसं ओरडत होती, टाळ्या वाजवत होती. त्या गोंधळात कधीतरी शिट्ट्या होऊन गेल्या.

धाडकन धक्का बसला. थर्मास बाकाखालून घरंगळत गेला. तिनं नाडी दोनदा हिसडली, पण बाहेर तो धक्क्यानंच समजून चाक फिरवायला लागला होता. डबा आवरला. मधल्या बाकावरची एक छोटी मुलगी तोंडावर आपटली, तिच्या ओठातून रक्त आलं.

पुढे इंजिन पाणी भरायला थांबलं, तसा मागच्या डब्यातून गार्ड तरातरा चालत आला. वयानं लहान, कामाला लागला तेव्हा वर्षभर हिच्या नवऱ्याच्या हाताखाली होता. ती मनगटातली नाडी काढून घाईनं खाली उतरली आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

"माझी चूक आहे. मीच ह्यांना बोलण्यात गुंतवलं."

गार्ड खिडकीतून नवऱ्याच्या बाहीत गेलेल्या नाडीकडे बघत होता. नवरा ओट्यावरून दोघांच्या ओठांकडे बघत होता. मग त्याची नजर खिडकीतून आत, आईच्या मांडीवरच्या मुलीकडे गेली. तो खाली आला. कोट काढून त्यानं दंडाची गाठ सोडायचा प्रयत्न केला. एका हाताला ती सुटेना, म्हणून त्यानं हात मुकाट्यानं बायकोपुढे केला. तिनं गाठ सोडवली.

"मला शिट्टी ऐकू येत नाही," तो गार्डला म्हणाला. आपला आवाज केवढा लागतो हे त्याला कळत नसे. सगळ्या डब्यानं ऐकलं.

"कधीपासून, काका?"

त्याला ओठांवरून कळलं. "बरेच दिवस झाले."

गार्ड लालबुंद झाला होता, पण ओरडला नाही. "मला सांगायचं होतंत," एवढंच म्हणाला. खाली पोचल्यावर लेखी द्यावं लागेल, असंही त्यानं तिला सांगितलं. मग आपल्या मदतनिसाला त्यानं ओट्यावर उभं केलं आणि काकांना आत बसायला सांगितलं. आत कुणी जागा देईना. मुलीच्या आईनं तोंड फिरवलं. शेवटी मुख्याध्यापिकाबाई उठून समोरच्या बाकावर गेल्या. मांडीवर टोपी ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन तो बायकोशेजारी बसला. या डब्यात तो पहिल्यांदाच बसत होता.

गाडी निघाली. दोन आखूड शिट्ट्या झाल्या आणि तिच्या हातानं आपणहून त्याची बाही दोनदा ओढली.

"झाली?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. छोट्या खिडकीतून नव्या माणसाचे खांदे चाकावर वाकलेले दिसत होते. तो ते थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं तिच्या हातातली नाडी काढून घेतली, गुंडाळली आणि खिशात टाकली.

"धबधबा पुन्हा एकदा दिसेल, खालून," तो म्हणाला. "बघून घे. वळणापुढे दिसत नाही."

तिनं खिडकीकडे तोंड केलं. डोळे भरून आल्यामुळे तिला धड काही दिसत नव्हतं, पण वळण येईपर्यंत ती बघत राहिली.