बनूबाईने पाहिलेली घोण

श्यामकांतने शाळेच्या प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यावरचं फडकं उचललं आणि त्याचा हात तसाच राहिला. जाळीतून आत शिरलेली वीतभर घोण, गोमेची ती थोरली बहीण, पांढऱ्या उंदराच्या पिल्लाला विळखा घालून बसली होती. मागच्या पायांनी तिने जाळी धरली होती, पुढच्यांनी पिल्लू, आणि डोक्याकडून ती ते सावकाश कुरतडत होती. उंदरीण कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. पिंजऱ्याचं झाकण काल त्याने स्वतः लावलं होतं. ते अजून घट्ट होतं.

बदलापूरच्या त्या शाळेत तो नऊ वर्षं विज्ञान शिकवत होता. घोण किडे खाते, असं पुस्तकात होतं, म्हणून तोही तेच शिकवायचा. आठवड्यापूर्वी याच वेतातली तीन पिल्लं नाहीशी झाली, तेव्हा झाडलोट करणाऱ्या बनूबाईने सांगितलं होतं, की घोणीने खाल्ली, मी डोळ्यांनी पाहिलं. चार बुकं शिकलेल्या श्यामकांतने ते शिक्षकांच्या खोलीत मीठमसाला लावून सांगितलं आणि सगळ्यांना पोटभर हसवलं. मग बनूबाईकडून झाकण उघडं राहिलं, मांजराने पिल्लं नेली, असा माफीनामा त्यानेच सुवाच्य अक्षरात लिहिला. तिने निमूटपणे अंगठा उठवला. आठ वर्षं हंगामी राबणाऱ्या बनूबाईचं नाव या खेपेला कायम होणाऱ्यांत होतं. परवाच्या बैठकीत तो कागद वाचला गेला आणि नाव गळलं.

त्याला स्वतःची शरम वाटली. पहिला तास सोडून तो तडक मांजर्लीला तिच्या घरी गेला. बनूबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती.

"बनूबाई, घोणच होती. आज मी पाहिली."

आजच मुख्याध्यापकांना सांगतो, संस्थेलाही लिहून देतो, असं तो घाईघाईने बोलत राहिला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. सुपातला हात थांबला होता.

"म्हंजे मी बघितलं ते खरं होतं?"

"खरं होतं."

"बरं झालं सर, सांगायला आलात. तुम्ही लिहिलंत, तवापासून मला वाटायचं, झाकण माझ्याकडूनच उघडं राहिलं असंल. पोरीलाबी तसंच सांगितलं. म्हटलं, सर कशाला खोटं लिहितील?"

तिने आत हाक मारून पोरीला, अंजनीला, चहा ठेवायला सांगितलं, सरांच्या चहात साखर जरा जास्त टाक म्हणाली. नको म्हणायलाही श्यामकांतला तोंड उरलं नव्हतं.